नाव एकाकडे, घडवणारे हात दुसरीकडे

फुटबॉल क्लबचा व्यवस्थापक होऊन खेळायच्या 'चॅम्पियनशिप मॅनेजर' या ब्रिटिश गेममालिकेची २००३ साली अक्षरशः वाटणी झाली. मालिका घडवणारा स्टुडिओ स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह आणि ती बाजारात आणणारी प्रकाशन कंपनी आयडॉस यांनी वेगळे व्हायचे ठरवले. आयडॉसच्या वाट्याला मालिकेचे नाव आणि पडद्यावरची मांडणी आली, तर सामन्याचा निकाल ठरवणारा कोड आणि असंख्य खेळाडूंच्या गुणदोषांच्या नोंदी स्टुडिओकडे राहिल्या. स्टुडिओने सेगा या प्रकाशकाचा हात धरला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'फुटबॉल मॅनेजर २००५' या नव्या नावाने आपला गेम आणला. आयडॉसने ब्युटिफुल गेम स्टुडिओज नावाचा नवा संघ उभा करून, जवळजवळ शून्यापासून लिहिलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर ५' मार्च २००५ मध्ये विक्रीला ठेवला.

एका बाजूला दहा वर्षांहून जुने, घरोघर पोहोचलेले नाव होते आणि दुसऱ्या बाजूला त्या नावाला अर्थ मिळवून देणारी माणसे होती. चाहते कोणाच्या मागे जाणार, याचा इतका स्वच्छ प्रयोग कोणी मुद्दाम आखला असता तरी जमला नसता. उशिरा आलेला आणि चुकांनी भरलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर ५' पाहून चाहत्यांना नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा ही म्हण आठवावी अशी अवस्था झाली. पुढच्या काही वर्षांत ती मालिका क्षीण होत गेली, आणि 'फुटबॉल मॅनेजर' हेच या प्रकारच्या गेमचे सर्वतोमुखी नाव झाले.

इथे थांबून, चाहते नावाशी नव्हे तर माणसांशी एकनिष्ठ असतात, असा निष्कर्ष काढता आला असता तर हा लेख फार लहान झाला असता. पण इतर मालिकांच्या कहाण्या पाहिल्या की तोही निष्कर्ष टिकत नाही.

त्याआधी मालकीचा प्रश्न समजून घ्यायला हवा, कारण बऱ्याच रागाचे मूळ तिथल्या गैरसमजात असते. गेम तयार करणाऱ्या संस्थेला विकसक किंवा स्टुडिओ म्हणतात. लेखक, चित्रकार, प्रोग्रॅमर, संगीतकार हे सारे तिथे काम करतात. प्रकाशक पैसा पुरवतो, जाहिरात करतो, गेम दुकानात आणि ऑनलाइन विक्रीस ठेवतो, आणि या पैशाच्या मोबदल्यात मालिकेचे नाव, पात्रे आणि कथाविश्व यांचे हक्क पुष्कळदा करारानेच त्याच्याकडे जातात. त्यामुळे स्टुडिओ बाहेर पडला, बंद झाला किंवा दुसऱ्या कामाला लागला, तरी मालिका जागच्या जागी राहते आणि तिला नवा कारागीर शोधला जातो. उड्या मारत पुढे जायचा 'क्रॅश बँडिकूट' हा गेम नॉटी डॉग या स्टुडिओने घडवला, पण त्याचे हक्क स्टुडिओकडे नव्हते. म्हणून पुढचे गेम इतरांनी केले. 'हेलो' ही नेमबाजीची मालिका बंजी या स्टुडिओची. पण २००७ मध्ये बंजी मायक्रोसॉफ्टपासून वेगळी झाली तेव्हा 'हेलो' मायक्रोसॉफ्टकडेच राहिले. चाहता ज्याला विश्वासघात म्हणतो, तो अनेकदा वर्षानुवर्षे आधी झालेल्या सहीचा परिणाम असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माझे म्हणणे असे की चाहत्याची निष्ठा नावाशी नसते आणि माणसांशीही पूर्णपणे नसते. ती मुख्यतः गेम हाताला कसा लागतो याच्याशी असते. बटण दाबल्यापासून पात्र हलेपर्यंत गेलेला क्षण, उडीची उंची, नेम धरताना जाणवणारा जडपणा, चूक झाल्यावर मिळणारी शिक्षा आणि ती शिक्षा न्याय्य वाटणे, अशा शेकडो सूक्ष्म गोष्टींची मिळून एक सवय बोटांत मुरते. अडचण अशी की या गोष्टींना रोजच्या बोलण्यात नावे नाहीत. म्हणून नव्या स्टुडिओने काही बिघडवले की दुखणे एकीकडे असते आणि तक्रार भलतीकडची, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीची होते.

याचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे 'डेव्हिल मे क्राय' ही राक्षसांशी झुंजण्याची मालिका. जपानच्या कॅपकॉम कंपनीने ही मालिका नव्याने सुरू करण्याचे काम इंग्लंडमधील केंब्रिजच्या निंजा थिअरी या स्टुडिओला दिले आणि २०१० च्या टोकियो गेम शोमध्ये त्याची पहिली झलक दाखवली. नायक डांटे याचे पांढरे केस ही त्याची ओळख; नव्या डांटेचे केस काळे आणि आखूड होते. त्यावरून जो गदारोळ उठला, तो 'डीएमसी' नावाचा हा नवा गेम जानेवारी २०१३ मध्ये येईपर्यंत शमला नाही. भरीस भर म्हणजे गेमच्या सुरुवातीलाच डांटेच्या डोक्यावर अपघाताने एक पांढरा टोप येऊन पडतो आणि आरशात पाहून तो त्याची टर उडवतो, असा एक विनोद स्टुडिओने घातला होता. जुन्या चाहत्यांना तो आपल्याच तोंडावर केलेला उपहास वाटला, आणि मला वाटते की त्यांचे फारसे चुकले नाही. समीक्षकांनी गेमची बऱ्यापैकी प्रशंसा केली, तरी विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि कॅपकॉमला आपला २० लाख प्रतींचा अंदाज १२ लाखांवर आणावा लागला.

बाहेरून पाहणाऱ्याने यावरून चाहते केसांच्या रंगासाठी गेम बुडवतात असा अर्थ काढला. मात्र त्या गदारोळाच्या खाली दोन शांत तक्रारी होत्या. जुने गेम सेकंदाला ६० चित्रे दाखवत. 'डीएमसी' त्या काळच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, ३० दाखवत असे. ज्या गेममध्ये शत्रूचा वार अर्ध्या निमिषात ओळखून प्रतिवार करायचा असतो, तिथे हा फरक डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो. दुसरे म्हणजे, जुन्या गेममध्ये एक बटण दाबून ठेवले की ठरावीक शत्रूवर लक्ष खिळून राहत असे आणि त्याच्या दिशेने कंट्रोलरवरची कांडी ढकलल्यास एक वार, उलट ढकलल्यास दुसरा वार अशी भाषा खेळाडूंनी आत्मसात केली होती. 'डीएमसी'ने ते बटणच काढून टाकले होते. २०१५ मध्ये याच गेमची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात ६० चित्रांचा वेग आला आणि लक्ष खिळवण्याची सोयही परत आली. नायकाचे केस मात्र काळेच राहिले, आणि अनेक जुन्या खेळाडूंनी ही आवृत्ती पूर्वीपेक्षा पुष्कळ मोकळ्या मनाने स्वीकारली. (कॅपकॉमने पुढचा गेम, 'डेव्हिल मे क्राय ५', २०१९ मध्ये स्वतःच्या संघाकडून करून घेतला, आणि त्यात पांढऱ्या केसांचा जुना डांटे परतला.)

'क्रॅश बँडिकूट'च्या बाबतीत हीच गोष्ट आणखी बारीक स्वरूपात दिसली. पहिले तीन गेम नव्या चित्रांसह २०१७ मध्ये 'एन. सेन ट्रिलॉजी' या नावाने आले. काम व्हिकॅरियस व्हिजन्स या स्टुडिओचे होते. पात्र तेच होते, पातळ्यांचे, म्हणजे गेममधल्या टप्प्यांचे, नकाशेही तेच, आणि दिसायला सगळे मुळापेक्षा देखणे होते. तरीही वर्षानुवर्षे पहिला गेम खेळलेल्या लोकांना, डोळे मिटून मारता येत असलेल्या उड्या काठावरून निसटू लागल्या. आपलेच वय झाले की काय, असेही कित्येकांना वाटले असेल. पुढे स्टुडिओनेच स्पष्ट केले की तिन्ही गेमची हाताळणी तिसऱ्या गेमच्या हाताळणीवर बेतली होती आणि उडीत सूक्ष्म बदल होते. म्हणजे पहिल्या गेमची पातळी आणि तिसऱ्या गेमची उडी असा तो संकर झाला होता. मूळ पातळीतील दोन फळ्यांमधले अंतर मूळ उडीचे माप घेऊन ठरवलेले असते. त्यातले एक बदलले आणि दुसरे तसेच ठेवले, की गणित किंचित चुकते आणि ती चूक फक्त जुन्या चाहत्यालाच कळते. नव्या खेळाडूला गेम जरा कठीण वाटतो, इतकेच. गेमची विक्री उत्तम झाली. त्यामुळे ही तक्रार गेम नाकारणाऱ्यांची नव्हती, हेही ध्यानात ठेवावे.

हे ज्ञान नव्या स्टुडिओकडे सुपूर्त का करता येत नाही, असा प्रश्न साहजिकच पडेल. कोड आणि चित्रे देता येतात. पण उडी अमुक इतकीच उंच का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा कागदावर नसते. कोणीतरी ती दोनशे वेळा बदलून पाहिलेली असते आणि एका दुपारी संघातल्या चार जणांना ती बरोबर वाटलेली असते. तो निर्णय आकड्याच्या रूपाने कोडमध्ये उरतो आणि त्याचे कारण त्या चार जणांबरोबर निघून जाते. नव्याने आलेल्याला तो आकडा मनमानी वाटतो आणि तो बदलायला त्याचा हात धजावतो.

'हेलो'च्या बाबतीत तर आकड्यांच्याही पलीकडची गोष्ट हरवली. बंजीच्या मुख्य गेममध्ये ऑनलाइन सामना सुरू होताना सर्वांकडे सारखीच शस्त्रे असत आणि उत्तम शस्त्रे नकाशावर ठरावीक जागी, ठरावीक वेळाने उगवत. खरी लढाई त्या जागा ताब्यात ठेवण्याची असे. बंजीने २०१० मध्ये शेवटचे 'हेलो: रीच' दिले आणि मायक्रोसॉफ्टने खास या मालिकेसाठी उभारलेल्या ३४३ इंडस्ट्रीज या स्टुडिओने २०१२ मध्ये 'हेलो ४' आणला. त्यात प्रत्येकाने आपला शस्त्रसंच आधीच निवडून यायचे, सर्वांनी कायम धावू शकायचे आणि चांगली कामगिरी केली की शस्त्र आकाशातून मागवायचे, अशी रचना आली. त्या काळच्या इतर नेमबाजी गेममध्ये हीच पद्धत लोकप्रिय होती. गेम पहिल्या दिवशी प्रचंड विकला गेला, कारण पहिला दिवस नावाचा असतो. ऑनलाइन खेळणाऱ्यांची गर्दी मात्र लवकरच ओसरली. २०१४ मध्ये जुन्या गेमचा एकत्रित संच आला, तो सुरुवातीचे बरेच दिवस ऑनलाइन जोडणीच धड करू देत नव्हता. त्यामुळे दुधाने पोळलेले चाहते ताकही फुंकून पिऊ लागले, आणि २०१५ चा 'हेलो ५' त्याच संशयाच्या वातावरणात जन्मला.

२०२१ च्या 'हेलो इन्फिनिट'मध्ये स्टुडिओने सारखी शस्त्रे आणि नकाशावरची चढाओढ परत आणली, आणि बंदूक हातात कशी लागते याबद्दल कट्टर टीकाकारांनीही चांगले शब्द काढले. या वेळी गाडे भलत्याच ठिकाणी अडले. नवे नकाशे फार सावकाश येत राहिले; मित्रांसह कथा खेळण्याची सोय, जी मालिकेच्या पहिल्या गेमपासून होती, ती प्रकाशनानंतर जवळजवळ वर्षभराने आली, आणि एकाच पडद्यावर दोघांनी ती खेळण्याची योजना तर रद्दच झाली. स्टुडिओच्या वापरातले इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते मूळ सॉफ्टवेअर, बंजीच्या काळातल्या जुन्या कोडवर उभे होते आणि संघात ठरावीक मुदतीच्या करारावर येऊन जाणारी माणसे पुष्कळ होती, असे वार्तांकन त्या काळात प्रसिद्ध झाले. ते वाचले की विलंबाचे कोडे बरेचसे सुटते: जुने यंत्र समजून घ्यायला लागणारा वेळ आणि माणसाचा मुक्काम यांचा मेळच बसत नव्हता. २०२४ मध्ये स्टुडिओने आपले नाव हेलो स्टुडिओज असे बदलले आणि पुढील गेम अनरियल इंजिनवर करणार असल्याचे जाहीर केले. बंजी गेल्यावर सगळे बिघडले, असे म्हणणाऱ्या चाहत्यांना मी एक गोष्ट सुचवीन. बंजीतील काही माणसे नव्या स्टुडिओत गेली होती आणि खुद्द बंजी पुढे अगदी निराळ्या प्रकारचे 'डेस्टिनी' करण्यात रमली; तेव्हा बंजी राहिली असती तरी त्यांना हवे असलेले 'हेलो' मिळत राहिले असते, याची खात्री कोणी द्यावी?

नवे हात नेहमीच मारक ठरतात असेही नाही. निन्टेंडोने 'मेट्रॉइड' ही जपानमध्ये घडलेली मालिका अमेरिकेतील ऑस्टिनच्या रेट्रो स्टुडिओजकडे सोपवली आणि आजवर बाजूने दिसणारा गेम आता नायिकेच्या डोळ्यांतून दिसणार हे कळले, तेव्हा चाहत्यांनी कपाळाला हात लावला होता. २००२ मध्ये आलेला 'मेट्रॉइड प्राइम' हा आज सर्वोत्कृष्ट गेममध्ये गणला जातो. स्टुडिओने दृष्टिकोन बदलला, पण एकटेपणा ठेवला, नवे सामर्थ्य मिळाले की जुन्या बंद दाराकडे परतण्याची रचना ठेवली, आणि संगीतासाठी 'सुपर मेट्रॉइड'चे केन्जी यामामोटो यांनाच बसवले. पोलंडच्या ब्लूबर टीमने २०२४ मध्ये 'सायलेंट हिल २'ची नवी आवृत्ती केली तेव्हाही आधी अविश्वास आणि नंतर स्वागत असाच क्रम दिसला. तिथेही मूळ संगीतकार अकिरा यामाओका सोबत होते. मूळ संघातला एखादा माणूस सोबत असणे हा नुसता जाहिरातीचा भाग नसावा, कारण अमुक गोष्ट अशीच का, हे विचारायला नव्या संघाला तो एक पत्ता मिळतो.

चाहते म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न 'फॉलआउट'मध्ये सर्वात जास्त टोचतो. १९९७ चा मूळ गेम वरून दिसणारा, पाळीपाळीने चाली करण्याचा होता. इंटरप्ले कंपनी आर्थिक अडचणीत आल्यावर तिने हक्क बेथेस्डा या कंपनीला विकले, आणि २००८ मध्ये आलेला 'फॉलआउट ३' हा नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा, मोकळ्या प्रदेशात हिंडायचा गेम होता. जुन्या मंडळींना मालिका संपली असे वाटले आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक लोकांसाठी ती त्या दिवशी सुरू झाली. २०१० मध्ये बेथेस्डाने 'फॉलआउट: न्यू वेगास' हे काम ऑब्सिडियन या स्टुडिओला दिले, जिथे मूळ मालिकेवर काम केलेली माणसे होती. हाताळणी बेथेस्डाची, लेखणी जुन्यांची, असा तो गेम सुमारे दीड वर्षात तयार झाला आणि चुकांनी बुजबुजलेला निघाला. तरी कोणता 'फॉलआउट' खरा, या वादात आज पुष्कळदा त्याचेच नाव घेतले जाते. मात्र ज्याने १२ व्या वर्षी 'फॉलआउट ३' खेळला, त्याच्या बोटांत बेथेस्डाची सवय मुरलेली आहे, आणि त्याच्या निष्ठेला दुय्यम ठरवण्याचे कारण मला दिसत नाही.

माणसांच्या मागे जाण्याचा मार्गही सरळ नाही. कॅपकॉम सोडल्यानंतर केइजी इनाफुने यांनी २०१३ मध्ये 'मेगा मॅन' या कॅपकॉमच्याच जुन्या मालिकेच्या धर्तीवरील 'मायटी नंबर ९'साठी लोकांकडे पैसे मागितले आणि किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर सुमारे ३८ लाख डॉलर जमले. पुन्हा पुन्हा लांबलेला तो गेम २०१६ मध्ये आला तेव्हा निराशाच पदरी पडली. मूळ 'मेगा मॅन'चे दिग्दर्शन अकिरा किटामुरा यांचे होते. इनाफुने त्या संघातले तरुण चित्रकार होते आणि पुढे मालिकेचा चेहरा बनले. चाहत्याला चेहरा माहीत असतो, उडीची उंची ठरवणारा माणूस सहसा माहीत नसतो. उलट, कोनामी ही कंपनी सोडलेल्या कोजी इगाराशी यांनी तिथल्याच 'कॅसलव्हेनिया' मालिकेच्या वळणावरच्या 'ब्लडस्टेन्ड'साठी २०१५ मध्ये ५५ लाख डॉलर जमवले, आरंभीच्या चित्रांवर टीका झाल्यावर ती सुधारली आणि २०१९ मध्ये लोकांना हवा तोच गेम दिला.

नावाची ताकदही कमी लेखू नये. ती उशिरा ओसरते, एवढेच. गाणी वाजवायच्या 'गिटार हीरो'चे पहिले दोन गेम हार्मोनिक्स या स्टुडिओने केले, पण नाव अ‍ॅक्टिव्हिजन या प्रकाशकाकडे गेले आणि तिसरा गेम २००७ मध्ये नेव्हरसॉफ्ट या दुसऱ्या स्टुडिओने केला. हार्मोनिक्सने त्याच वर्षी 'रॉक बँड' आणला, तरी तिसऱ्या 'गिटार हीरो'ची विक्री अफाट झाली. गिटारच्या आकाराचा कंट्रोलर तोच आणि पाच रंगीत बटणे तीच होती, म्हणजे बोटांची सवय नावाबरोबरच गेली होती. स्टुडिओ बदलल्याचे कित्येकांना कळलेही नसेल.

शेवटी एक प्रकरण असे आहे की ज्यात खरेदी करणाऱ्याचा घोळ आजही संपलेला नाही. शेतीवरील जपानी मालिका 'बोकुजो मोनोगातारी' इंग्रजीत 'हार्वेस्ट मून' या नावाने येत असे, आणि हे इंग्रजी नाव नात्सुमे या कंपनीच्या मालकीचे होते. २०१४ मध्ये मूळ मालिकेच्या मालक मार्व्हलस कंपनीने इंग्रजी आवृत्त्यांचे काम आपल्याच एक्सीड या उपकंपनीकडे घेतले, पण नाव काही त्यांना मिळाले नाही. म्हणून जुनी मालिका 'स्टोरी ऑफ सीझन्स' झाली. नात्सुमेने स्वतःचे वेगळे शेतीचे गेम काढून त्यांना 'हार्वेस्ट मून' म्हणायला सुरुवात केली. दोन्ही मालिका तेव्हापासून शेजारी शेजारी निघत आल्या आहेत. लहानपणीच्या आठवणीने 'हार्वेस्ट मून' विकत घेणाऱ्याच्या हाती त्या आठवणीशी संबंध नसलेल्या स्टुडिओचे काम पडते. ज्या गेममध्ये त्याच्या ओळखीची गाय, ओळखीचा पाणी घालण्याचा डबा आणि ओळखीचा दिवसाचा वेग आहे, तो गेम त्याच फळीवर अनोळखी नावाने ठेवलेला असतो.